मदत हवी आहे: 'केम अप टू मी' मधला 'अप' मुलीला कसा समजावू?

नमस्कार मंडळी, इंग्लिशच्या जाणकारांनी प्लीज मदत करा. माझी भाची नववीत आहे, सेमी इंग्लिशला, अभ्यासाला माझ्याकडे बसते. तिने एसटी स्टँडवरचा एक प्रसंग लिहिला होता, त्यात 'अ‍ॅन ओल्ड मॅन केम टू मी अँड आस्क्ड' असं वाक्य होतं, सरांनी लाल पेनाने मधे 'अप' घातलं. आता ती विचारतेय, मामा, आजोबा तर फलाटावरच उभे होते, मग वर कुठून आले?

मला समजलंय ते असं की इथे 'अप'चा वर-खालीशी संबंध नाही, माणूस मधलं अंतर संपवून अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला, बहुतेक काहीतरी बोलायलाच, एवढंच. आपल्याकडे 'माझ्याकडे आला' आणि 'माझ्याजवळ आला' यात फरक आहे ना, साधारण तसा. कुणी सल्ला मागायला आलं तर नुसतं 'केम टू मी', पण रस्त्यातलं कुत्रं शेपूट हलवत जवळ आलं तर 'केम अप टू मी'. वस्तूलाही चालतं, 'शी वेंट अप टू द काउंटर'. मग तिचं मूळ वाक्य चूकच धरायचं का, की फक्त 'अप'ने जास्त बरं वाटतं?

तिला सांगितलं की मागे कम, गो, वॉक, रन असलं आणि पुढे माणूस किंवा वस्तू असली की 'जवळ जाणं' घ्यायचं. म्हणजे दुकानावरचं 'अप टू 50 टक्के ऑफ' आणि 'इट्स अप टू यू' आपोआप बाजूला पडतात. पण 'वी वेंट अप टू द थर्ड फ्लोर' मधे खरंच वर जाणं आहे, तिथे हा नियम कोलमडतो आणि तिने नेमकं तेच पकडलं, हुशार आहे पोरगी.

दुसरं म्हणजे 'अप्रोच'. 'आय अप्रोच्ड टू द कंडक्टर' असं आपल्यातले बरेच जण म्हणतात, कंडक्टर'कडे' गेलो म्हणून तो 'टू' घुसतो, 'रीच्ड टू पुणे' मधे घुसतो तसाच. खरं तर 'अप्रोच्ड द कंडक्टर' एवढंच हवं. पण 'हर अप्रोच टू द प्रॉब्लेम' मधे ते नाम आहे, तिथे 'टू' लागतोच. हे तिला पटलं. आता ती सगळीकडे 'अप्रोच्ड' लिहायला लागलीय, आणि पेपरात 'अप्रोच्ड द हायकोर्ट' वाचून वाचून मला तरी तो शब्द स्टँडवरच्या आजोबांसाठी फार जड वाटतो. तुम्हाला काय वाटतं, नववीच्या निबंधात 'केम अप टू'च ठेवायला सांगू का?

शिकवणाऱ्यांपैकी कुणी असेल तर मुलांना हे कुठली उदाहरणं देऊन सांगता तेही लिहा. नुसतं पाठ कर म्हटलेलं तिला पटत नाही, आणि मलाही नाही.