'अँटिसेमिटिझम': द्वेष, विरोध की तिसरेच काही?

तळटीप : शिक्षकांसाठीच्या एका हस्तपुस्तिकेचा अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. ज्यूंविषयीचे पूर्वग्रह वर्गात बोलले गेले तर शिक्षकाने काय करावे, हा तिचा विषय. पहिल्या पानावरच्या 'अँटिसेमिटिझम'साठी 'यहुदीविरोध' लिहून मी पुढे गेले आणि चौथ्या प्रकरणात अडले. इतर कोणत्याही देशावर होते तशी टीका इस्रायल सरकारच्या धोरणावर करणे हा अँटिसेमिटिझम नव्हे, मात्र त्या धोरणाचा जाब शेजारच्या बाकावरील ज्यू मुलाला विचारणे हा नक्कीच आहे, असे तेथे म्हटले आहे. माझ्या शब्दाने त्याचे 'विरोध करणे म्हणजे विरोध नव्हे' असे होऊन बसते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

बोरूबहाद्दर : 'ज्यूद्वेष' हा शब्द वृत्तपत्रांत रुळलेला आहे, तोच घ्यावा. मात्र 'ज्यू' हे इंग्रजीचे उष्टे आहे. मराठी बायबलमध्ये 'यहूदी' असताना ते कशाला?

शाळामास्तर : 'यहूदी'सुद्धा काही देशावर उगवलेला नाही, बोरूराव. माझी अडचण 'द्वेष' या शब्दाशी आहे. आमच्या नववीच्या वर्गात डबा वाटून न खाणाऱ्या एका मुलाला 'शायलॉक' (शेक्सपिअरच्या नाटकातला ज्यू सावकार) म्हणत. नाव ठेवणाऱ्याने जन्मात ज्यू माणूस पाहिला नव्हता. त्याला 'तू द्वेष करतोस' म्हटले असते, तर तो प्रामाणिकपणे गोंधळला असता. मी एवढेच विचारले की हे तू कुठून उचललेस? स्नेहसंमेलनातल्या नाट्यप्रवेशातून, असे उत्तर आले. मग तासभर मध्ययुगीन युरोपवर बोललो. ज्यूंना बहुतेक ठिकाणी जमीन घेता येत नसे, कारागिरांच्या संघांत प्रवेश नसे, आणि ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे चर्चला निषिद्ध होते. सावकारी हे त्यांच्यासाठी उघड्या ठेवलेल्या मोजक्या दारांपैकी एक होते, आणि पुढे तीच त्यांच्या स्वभावाची खूण ठरवली गेली. यात भावना कमी आणि वारशाने आलेली समजूत जास्त आहे. 'द्वेष' या शब्दात ती मावत नाही.

काजवा : मूळ शब्दाचीच जन्मकथा पाहावी. विल्हेल्म मार या जर्मन पत्रकाराने १८७९ मध्ये बर्लिनमध्ये 'अँटिसेमिटांचा संघ' काढला आणि हा शब्द राजकारणात चालता केला. जर्मनमध्ये त्याआधी 'युडेनहास', म्हणजे शब्दशः ज्यूद्वेष, होताच. पण त्याला धार्मिक वैराचा जुनाट वास येत होता. नव्या शब्दाला वंशशास्त्राचा कोट होता. बोरूबहाद्दरांचा 'ज्यूद्वेष' त्यामुळे मुळापेक्षा अधिक प्रामाणिक आहे, हे मला मान्य आहे. परंतु मुळाने जे झाकले ते उघडे करणे हे अनुवादकाचे काम आहे का? मला तरी आहे असे वाटते, कारण वाचणारा शिक्षक आहे, भाषाशास्त्रज्ञ नव्हे.

शब्दखोदू : 'सेमिटिक' हा शब्द बायबलमधल्या नोहाचा मुलगा शेम याच्यावरून आला आहे. उर्दूत त्यालाच 'सामी' म्हणतात, म्हणून 'सामीविरोध' हा शब्द उत्तम. आपल्याकडचे 'शाम' हे नावही तिकडूनच आले असावे, असा माझा जुना कयास आहे.

काजवा : 'शाम' श्यामवरून आला, खोदूभाऊ, कृष्णाला नोहाच्या तारवात बसवू नका. 'सामीविरोध' म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : अरबही सेमिटिकच ना, मग ते याचे दोषी कसे? १७८१ मध्ये श्लोत्सर या जर्मन इतिहासकाराने भाषांच्या एका कुळाला दिलेले हे नाव आहे. 'सेमिट' नावाच्या लोकांचा द्वेष कोणी केला नाही. माराचा रोख केवळ ज्यूंवर होता. इंग्रजीतही हल्ली 'anti-Semitism'मधली आडवी रेघ गाळतात, ती याचसाठी.

बोरूबहाद्दर : मग 'ज्यूद्वेषवाद' करा. समजूत आणि व्यवस्था दोन्ही आली.

शाळामास्तर : 'वाद' जोडला की द्वेषाला तत्त्वज्ञानाचा मान मिळतो, आणि माराला नेमके तेच हवे होते. नाझी जर्मनीच्या १९३५ च्या न्यूरेम्बर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढले, तेव्हा फायलीवर सही करणारा कारकून संतापलेला असण्याची गरज नव्हती. आपल्याकडे 'अस्पृश्यता' हा शब्द आहे. तो कोणाच्या मनातली भावना सांगत नाही, व्यवहार सांगतो. तसे काही हवे.

अलिबागकडचा : मी पंडित नाही, पण एक गोष्ट सांगतो. आमच्या आजीच्या शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचे, कुटुंब होते. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. आजी हा शब्द 'कुंभारआळी' म्हणावे तितक्या सहज उच्चारीत असे. एलिया हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा झाला की गूळखोबऱ्यात कालवलेले पोहे आणि वर फळांच्या फोडी असे ताट भिंतीपलीकडून येई. ते कुटुंब पुढे इस्राएलला गेले. ज्यांच्या घरात मराठी बोलली जात होती, त्यांना आजीने कधी 'ज्यू' म्हटले नाही आणि 'यहूदी'ही नाही. 'इस्राएल लोक' म्हणे. तुमच्या चर्चेत त्यांचा शब्द कोणी विचारलेला नाही.

शब्दखोदू : 'मलिदा'चा अर्थ आता लाच कसा झाला, हा स्वतंत्र धागा होईल.

बोरूबहाद्दर : 'शनिवार तेली' हेसुद्धा जातीच्या उतरंडीत बसवणेच झाले. आजीला ते बोचले नाही, शेजारणीला बोचत होते की नाही ते कसे कळावे?

अलिबागकडचा : बरोबर आहे. आजीने ते विचारले नसणार, आणि आता दोघीही नाहीत.

तळटीप : 'ज्यूद्वेष' घेते आणि पहिल्या वापरापाशी मास्तरांचा मुद्दा दोन ओळींत समजावते. पण आता नवीन अडचण आली आहे. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी पिट्सबर्गमध्ये सिनेगॉगवर झालेल्या हल्ल्यात ११ जण मारले गेले, असा परिच्छेद पुढे आहे. 'सिनेगॉग'ला काय लिहू?

बोरूबहाद्दर : 'प्रार्थनामंदिर'. यात शंका कसली?

अलिबागकडचा : पुणेकर ज्यूंच्या प्रार्थनागृहाला 'लाल देऊळ' म्हणतात आणि आमच्याकडची मंडळी 'मशीद' म्हणत. मुंबईतले १७९६ चे 'शार हारहामीम' त्यांच्या तोंडी 'जुनी मशीद' आहे. बघा, छापता येते का.