बिलात जादा पैसे लागले? तुमचा अनुभव सांगा

परवा रात्री साडेदहाला लेकाला घेऊन डहाणूकर कॉलनीतल्या दुकानात गेलो. दूध, ब्रेड, दह्याचे दोन कप. घरी फ्रीज लावताना बिल बघतो तर दही तीन! पस्तीस रुपयांसाठी पुन्हा चपला घालायच्या की नाही यावर घरात दहा मिनिटं खल. शेवटी गेलो. काउंटरवरच्या मुलानं बिलाकडे नजरही न टाकता गल्ल्यातून पैसे काढून दिले. ते न बघणंच मला खटकलं. रोजचंच असणार! तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. दुकानांची नावं नकोत.

बिबवेवाडी
स्वारगेटला पाण्याची बाटली. छापील वीस, मागितले बावीस. "कूलिंगचे दोन." म्हटलं, मग साधी द्या. तर साधीही बावीसलाच! छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, त्यावर रुपयाही घेता येत नाही, हे सगळं पाठ आहे मला. पण समोर सातारा गाडी चालू करून उभी. दिले बावीस. गाडीत बसल्यावर मात्र फार छान भांडलो, मनातल्या मनात.

सिंहगड रस्ता
मिठाईवाल्यांकडे बघा जरा. काजूकतली अकराशे रुपये किलो आणि पुठ्ठ्याचा डबा तिच्यासकट काट्यावर. मी एकदा रिकामा डबा आधी ठेवायला लावला, ६० ग्रॅम भरला. म्हणजे सहासष्ट रुपयांचा पुठ्ठा खाल्ला असता आम्ही. आता "आधी डबा ठेवून काटा शून्य करा" एवढंच म्हणते. करतात मुकाट्यानं. आमचे हे मात्र तेवढ्यात बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसतात.

वारजे
२२ सप्टेंबर २०२५ ला शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ चा ५ टक्के झाला. म्हणजे ११८ ची वस्तू १०५ ला यायला हवी. दोन आठवड्यांनी गेलो, तर मांडणीवरच्या चिठ्ठीत नवा भाव आणि बिलात जुना. "जुना स्टॉक आहे काका." अरे, मग चिठ्ठी कुणी लावली?

हडपसर
मी दोन वर्षं काउंटरवर काढलीत, म्हणून दुसरी बाजू. बीप ऐकू आला नाही की हात आपोआप परत मारतो, वस्तू दोनदा चढते. एकसारख्या सहा असतील तर एक मारून सहाने गुणायचं, तिथे सहाचे आठ होतात. वरच्या काकांचं म्हणाल तर चिठ्ठी लावणारा वेगळा, कॉम्प्युटरात भाव भरणारा वेगळा. आम्हाला स्क्रीनवर दिसतं ते खरं. रात्री गल्ला कमी भरला तर आमच्या पगारातून जातात, जास्त भरला तर मालकाचे. आणि रांगेत पंधरा माणसं असताना कोण तपासत बसणार? पस्तीस रुपये काढून द्यायचे, पुढचा घ्यायचा. पण ऑफर संपल्यावरही आठवडाभर पाटी तशीच राहते ना, ती चूक नसते. पाटी कधी काढायची हे आम्ही ठरवत नाही.

औंध
बिल जपून ठेवा आणि १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे. मी पिशवीच्या बारा रुपयांसाठी लावला होता. दुकानातून आपणहून फोन आला. बिल नसेल तर अवघड, आणि टपरीवाला कसलं बिल देतोय!

सदाशिव पेठ
बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली, तेव्हापासून आमचे वडील त्यातले. वाण्याच्या दुकानातच पायरीवर उभे राहून यादी मोठ्यानं वाचायचे. "तूरडाळ दोन किलो. बरोबर. गूळ अर्धा. बरोबर." वर्गातल्या मुली जाता-येता बघायच्या, मी खांबाआड. आता मीही वाचते, पण ओठ न हलवता. त्यामुळे निम्म्या वेळा काहीतरी सुटतंच.

धागाकर्ता
एक कबुली द्यायची आहे. तिसरा कप लेकानेच बास्केटमध्ये टाकला होता आणि लिफ्टमध्ये संपवला. चमचा न घेता. रिकामा कप आज त्याच्या दप्तरात सापडला. हडपसरकर, आता ते पस्तीस रुपये त्या मुलाला कोणत्या तोंडाने परत देऊ, ते सांगा.