अनुभव धागा : ‘लांग्या बांग’ तुम्ही कुणाच्या गळी कशी उतरवलीत?

तीन वर्षांत ही चिनी मालिका अकरा जणांना सुचवली. चौघांनी संपवली, बाकीचे दुसऱ्या-तिसऱ्या भागातच गळाले. ‘निर्वाणा इन फायर’ या नावाने शोधलीत की सापडेल. २०१५ची, ५४ भागांची, हाय यान यांच्या कादंबरीवरची. ७०,००० सैनिकांच्या फौजेवर राजद्रोहाचा आळ येतो, फौज कापली जाते, आणि तिच्यातला वाचलेला एक तरुण सेनानी १२ वर्षांनी नवा चेहरा, नवं नाव घेऊन राजधानीत येतो.

चूक माझीच. ‘चिनी मारामारीची मालिका’ म्हणून सांगत सुटले होते. आणि नायक कसा, तर अंगावर फरचा झगा, पुढ्यात शेगडी आणि सतत खोकला! तलवार उचलायचं त्राण नाही.

तुमचे प्रयोग लिहा. फसलेले आधी. अट एकच, रहस्य फोडायचं नाही.

---

फसलेला हजर आहे. धाकटा भाऊ पहिल्या भागापासून विचारतोय, “हा मारणार कधी?” मारामारी करतो तो फेइलिउ, नायकाचा पोरगेलासा अंगरक्षक. तो छपरांवरून तरंगत गेला तर हा हसून लोळतोय. म्हटलं, संगीत नाटकात मरणारा माणूस आधी पद म्हणतो, मग मरतो, ते चालतं ना तुला? अंग हलकं करून झेपावण्याची विद्या त्या जगात गृहीतच असते. पटलं म्हणाला. आणि क्रिकेट लावलं.

---

नव्या माणसाला नावं मारतात. एकट्या नायकाचीच तीन: लिन शू, मेई चांगसू, सू झ. मी आधी कागदावर राजाचं घर काढून देते: युवराज, त्याच्या गादीवर डोळा असलेला भाऊ, आणि बापाच्या मनातून उतरलेला जिंगयान. एवढं पाठ असलं की पहिले पाच भाग निभतात. मी सिंगापूरला असते. इथल्या चिनी मैत्रिणीने माझा उच्चार सुधारला: चांगसूचा ‘च’ ‘चांगला’मधला नाही, ‘चहा’मधला. आपल्याकडे दोन्ही आहेत, तर वापरा की.

---

सासरे ‘चिनी’ म्हटलं की नाक मुरडायचे. मी म्हटलं, बाबा, यात ‘ध’चा ‘मा’ आहे. नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट त्यांना तोंडपाठ. त्या दिवशी रात्री एकपर्यंत बसले. बनावट पत्र उघड झालं तेव्हा “बघ, सांगत होतो!” म्हणून मलाच सुनावलं.

---

अहो ताई, अट! पत्राचं फोडलंत की.

---

अर्धंच फोडलंय. पत्र कुणी लिहवून घेतलं ते कुठे सांगितलं?

---

भाचीला राजकारण नको होतं, म्हणून निहुआंग दाखवली. सीमेवर फौज सांभाळणारी राजकन्या, आणि तिच्या वरसंशोधनासाठी राजधानीत लढतींचा आखाडा. सुरुवातीच्याच भागांत आहे हे. ज्यांना हाणामारी हवी त्यांना इथपर्यंत तरी टिकवा.

माझं एक पथ्य आहे. नायकाचं काम करणारा हू ग २००६ साली मोटार अपघातात जबर जखमी झाला होता, चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. हे मी मालिका संपल्यावरच सांगतो. मग माणूस आपणहून पहिला भाग परत लावतो.

---

माझी आई, वय ७१. इंग्रजी ओळी वाचेपर्यंत निघून जातात, म्हणून मी थांबवून थांबवून मराठीत सांगायचे. एक भाग दीड तास चालायचा. नावांच्या भानगडीत ती पडलीच नाही. चांगसू ‘खोकलेवाला’, जिंगयान ‘पाणीवाला’, कारण तो चहाऐवजी पाणीच पितो. लहानपणी त्याचा मित्र त्याला म्हैस म्हणायचा, पाण्यासाठी आणि हट्टासाठी. “रेडा म्हण,” आई म्हणाली.

मग तो डब्यांचा प्रसंग आला. जिंगयानची आई दोन डबे भरते, एक मुलासाठी, एक चांगसूसाठी. एकात हेझलनटची मिठाई, दुसऱ्यात नाही. मी काही सांगायच्या आत आईने माझा हात धरला.

“थांब. हिने ओळखलंय त्याला.”

मला हे पहिल्या वेळी कळलं नव्हतं, नंतर वाचून कळलं होतं. तिला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, “तुझ्या बाबांना वांगं बाधायचं. मी चाळीस वर्षं दोन भाज्या केल्या.”

सध्या ३८व्या भागावर आहोत. मी ऑफिसातून येईपर्यंत रिमोटला हात लावत नाही.