मदत हवी आहे: ड्रिल मशीन हातात गरकन फिरलं, आता बाथरूममध्ये भोक पाडायला धीर होत नाही

सोनटक्का

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

दोन महिन्यांपूर्वी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात काठी घेऊन फिरते, पण कमोडवरून उठताना आधाराला नळ धरते. परवा तो नळ तिच्या हातात हलला आणि माझ्या पोटात गोळाच आला. फिजिओथेरपीच्या ताईंनी पहिल्या दिवसापासून सांगितलंय की भिंतीला दांडा बसवून घ्या. स्टीलचे दोन दांडे आणले, एक कमोडशेजारी आणि एक पॅसेजमध्ये. तीन मिस्त्रींना फोन झाले. एवढ्याशा कामाला कोणी येत नाही, "उद्या येतो ताई" करत आठवडा गेला. शेवटी भावाचं ड्रिल मशीन आणलं. ६०० वॅटचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे पुढचा जबडा, ज्यात भोक पाडायचं बिट बसतं), हॅमरवालं, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं. लाकडात भोकं पाडली आहेत मी आधी, भिंतीत पहिल्यांदाच.

शनिवारी पॅसेजपासून सुरुवात केली. ८ मिमीचं बिट. पहिलं भोक मस्त पडलं, लाल पूड सरसर खाली आली. दुसरं भोक कोपऱ्याजवळ होतं. तिथे पूड करडी ती करडीच राहिली, मशीन पुढे जाईना म्हणून मी अंगाचा भार दिला. दोन-अडीच इंचांवर एकदम कर्रर्र आवाज झाला, बिट जागीच थांबलं आणि मशीन हातात उलटं फिरलं. बोट काढलं तरी बंद होईना! बोट दुखायला लागलं म्हणून मुठीवरचं ते छोटं बटण दाबून ठेवलं होतं ना. ह्यांनी धावत येऊन प्लग ओढला. मनगट चांगलंच मुरगळलं. एक्स-रे काढला, हाड ठीक आहे. बिट अजून भिंतीतच आहे.

आता बाथरूमचं काम बाकी आहे आणि तिथे टाइल, पाणी, गिझर, सगळंच. बिल्डिंग पुण्यात, १९९६ ची, विटांच्या भिंती. भिंतीतली वायर किंवा पाइप कुठून गेलाय हे ओळखायचं कसं? टाइल न फोडता भोक कसं पाडायचं? आणि मुळात हे मी करावं का?

---

रंधा

ताई, मनगट पूर्ण बरं होईपर्यंत मशीनला हात लावू नका, हे आधी.

तुमची चूक त्या छोट्या बटणाची. ते लॉक आहे. मशीन स्टँडला लावून एकसारखं काम करायचं असेल तर त्याचा उपयोग. भिंतीत भोक पाडताना ते कधीही दाबायचं नाही. बिट अडकलं की चालू मशीनला फिरायला तुमचं मनगट तेवढं उरतं. लॉक नसेल तर दचकून बोट सुटतं आणि मशीन थांबतं. एकवीस वर्षं फर्निचरच्या कामात आहे, मनगटं मुरगळलेली पोरं पाहिली आहेत, त्यातली बरीचशी ह्याच बटणामुळे.

दुसरं, मशीनबरोबर बाजूला लावायची एक मूठ येते. भावाकडे खोक्यात पडलेली असेल, ती मागून घ्या. एक हात मागच्या मुठीवर, दुसरा ह्या मुठीवर. पाय थोडे फाकवून उभं राहायचं, कोपर अंगाजवळ. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून अजिबात नाही.

आणि भार द्यायचा नसतो. बिट पुढे जात नसेल तर ते काहीतरी सांगतंय. थांबायचं, बाहेर काढायचं, टोकाला कोणती पूड लागलीय ते बघायचं.

---

डोंबिवलीकर

पुडीचा रंग तुम्ही स्वतःच लिहिलाय, त्यातच उत्तर आहे. लाल पूड म्हणजे वीट. प्लास्टरची करडी पूड संपून लाल सुरू झाली नाही म्हणजे आत वीटच नाही. तुम्ही कॉलममध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या काँक्रीटच्या खांबात शिरलात. तो बहुतेक वेळा खोलीच्या कोपऱ्यात असतो आणि प्लास्टरखाली दिसत नाही. बिट त्यातल्या सळईला घासून अडकलं.

कॉलममध्ये पुढे भोक पाडू नका. सळई कापून पलीकडे जायचा विचार तर नकोच. तिच्या आधारावर वरचे मजले उभे आहेत. दांडा चार-सहा इंच सरकवा, म्हणजे दोन्ही टोकं विटेत येतील.

अडकलेलं बिट काढायला मशीन वापरू नका. प्लग काढलेला ठेवा, चक सैल करून मशीन बाजूला घ्या. मग बिटाच्या मागच्या टोकाला पाना घट्ट धरून डावीकडे हळूहळू फिरवत बाहेर ओढा. हातोडी मारलीत तर आत तुटेल.

---

कृष्णाकाठ

ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या, लांब मंगळसूत्र, सगळं काढून किंवा आत खोचून मगच मशीन हातात घे गं. माझ्या ओढणीचं टोक चकमध्ये गुंडाळलं गेलं होतं. मान खाली खेचली गेली तो क्षण अजून आठवतो. लोक हातमोजे घाला म्हणतात, पण फिरत्या बिटाजवळ सैल कापडी मोजेही तसेच गुंडाळतात. त्यापेक्षा गॉगल घाल, डोळे झाकणारा. टाइलची कपची थेट तोंडावर उडते. आणि एन-९५ मास्क लाव, वीट-सिमेंटची बारीक धूळ छातीत गेलेली चांगली नाही. आईला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसव.

---

वायरमन_सांगली

वायरचं सांगतो. बोर्डाकडे येणारी वायरची पाइपलाइन बहुतेक सरळ उभी असते, स्लॅबकडून खाली. म्हणून कुठल्याही बोर्डाच्या, गिझर पॉइंटच्या, दिव्याच्या सरळ वर-खाली आणि सरळ आडव्या रेषेत भोक नको. दोन्ही बाजूंना वीतभर जागा सोडा. भिंतीच्या पलीकडच्या खोलीतला बोर्डही बघा, तो लोक विसरतात. पण जुन्या घरात मागाहून कोणी तिरकी लाइन टाकलेली असू शकते, म्हणून ह्या नियमावर पूर्ण भिस्त ठेवू नका. भिंतीतली वायर दाखवणारं छोटं डिटेक्टर मिळतं, ते कोणाचं मिळालं तर फिरवून घ्या. स्क्रूड्रायव्हरसारखा साधा टेस्टर इथे उपयोगाचा नाही.

त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांचे एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचे स्विच, पाडून बंद करा. गिझरचा वेगळा असतो, तोही. मशीनला वीज लांबच्या खोलीतून एक्स्टेंशनने घ्या. एक्स्टेंशनचा बोर्ड बाथरूमच्या उंबऱ्याच्या बाहेर, जमिनीवर न ठेवता स्टुलावर. वायर खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे बिटासमोर येणार नाही. घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की आपोआप पडणारा स्विच) असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबून ते पडतंय ना ते आधी बघा. पडत नसेल तर बाथरूममध्ये मशीन चालवू नका, आधी ते बदलून घ्या.

मशीनला दोनच पिना असल्या तर घाबरू नका. मशीनवरच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर ते दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंगची पिन नसते. पण हाताला थोडी जरी झिणझिण लागली तर त्याच क्षणी बंद करा.

---

माळरान

एवढा खटाटोप कशाला? टाइलला व्हॅक्युमने चिकटणारे दांडे मिळतात, भोकच नको.

---

रंधा

@माळरान, आईंचं सगळं वजन त्या दांड्यावर येणार आहे, तेही घसरण्याच्या क्षणी. व्हॅक्युमची पकड कधी सुटेल ते बाहेरून कळत नाही. तोल सावरायला ठीक, उठायला नाही.

---

सोनटक्का

सगळ्यांचे मनापासून आभार. बाजूची मूठ भावाकडे खोक्यात होतीच. बिटही पान्याने निघालं, टोक झिजलंय.

एक सांगायचं राहिलं. २०१४ मध्ये बाथरूमच्या जुन्या टाइल न काढता वरूनच नव्या लावल्या होत्या. त्याने फरक पडतो का? गरम पाण्याचा पाइप गिझरपासून खाली गरम-गार पाण्याच्या मिक्सर नळाकडे जातो, कमोड समोरच्या भिंतीला आहे. ती ९ इंची भिंत, पलीकडे डक्ट, म्हणजे पाइपांसाठीची मोकळी जागा.

---

रंधा

फरक पडतो, आणि मोठा पडतो. बरं झालं विचारलंत.

गट्टी, म्हणजे भोकात घालायची आणि स्क्रू पिळला की फुगणारी नळी, विटेत बसली पाहिजे. टाइल आणि मसाल्यात फुगली तर टाइल फोडेल, नाहीतर दांड्यासकट बाहेर येईल. तुमच्याकडे नवी टाइल, तिचा मसाला, जुनी टाइल, तिचा मसाला, प्लास्टर एवढं सगळं आधी आहे. वीट लागेपर्यंत दोन इंच सहज जातील. म्हणजे दांड्याच्या डब्यातले आखूड स्क्रू फेकून द्या. दुकानात ८ मिमी जाडीची, १०० मिमी लांबीची नायलॉनची गट्टी स्क्रूसकट मागा. दांड्याच्या पट्टीचं भोक त्या स्क्रूएवढं आहे ना ते तिथेच घालून बघा. बिटही लांब लागेल, १२० मिमीचं पुरणार नाही.

जागा नक्की करायच्या आधी रुपयाच्या नाण्याने टाइल वाजवा. भरीव टकटक आली तर बरं, डब्यासारखी पोकळ आली तर त्या टाइलला दांडा नको. सांध्यापासून आणि कडेपासून इंचभर तरी आत या. खुणेवर कागदी चिकटपट्टीची फुली मारा, बिट घसरत नाही.

आता भोक. हॅमर बंद, म्हणजे कळ हातोडीच्या चित्रावरून ड्रिलच्या चित्रावर. टाइलसाठी भाल्याच्या टोकासारखं बिट मिळतं, त्याने हळू गतीत सुरू करा. दोन्ही टाइल पार झाल्या की भिंतीचं बिट लावा. बिट बदलताना प्रत्येक वेळी प्लग काढा आणि चकची चावी चकमधून काढून खिशात टाका. चावी तशीच राहिली आणि मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. विटेतही हॅमर न लावता जमतंय का बघा. दुहेरी टाइलच्या भिंतीला जेवढे धक्के कमी तेवढं चांगलं.

---

डोंबिवलीकर

सुरू करण्याआधी तुमच्या फ्लॅटचा पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह शोधा आणि तो फिरतो का ते बघा. जुने व्हॉल्व्ह गंजून बसलेले असतात. भोकातून ओली पूड आली तर पुढे जाऊ नका, पाइप जवळ आहे. पाइपला लागलंच तर आधी विजेचा प्लग, मग व्हॉल्व्ह. पाणी बंद होईपर्यंत बिट भोकातच राहू दे, बूच मारल्यासारखं होतं.

उंची पुस्तकी घेऊ नका. आईंना कमोडवर बसवा, उठायला हात जिथे आपोआप जातो तिथे पेन्सिलने खूण करा.

---

सोनटक्का

तीन आठवड्यांनी येतेय. मनगट बरं झालं तेव्हाच हात घातला.

आदल्या रात्रीपासून बाथरूम कोरडं ठेवलं. आईने स्वतः बसून खूण करून दिली. मी ठरवली होती त्यापेक्षा चार बोटं खाली आणि बरीच पुढे. मी कधीच तिथे लावला नसता. तिथली टाइल पोकळ वाजली, म्हणून तिच्या खालची घेतली, भरीव निघाली. व्हॉल्व्ह खरंच गच्च बसला होता, तो आधी बदलून घेतला.

सहा भोकांना पावणेदोन तास लागले. पहिल्या भोकात पांढरी पूड, मग करडी, मग पुन्हा पांढरी. ती जुनी टाइल! मग परत करडी. मी बिट बाहेर काढून दर वेळी बघत होते. सव्वादोन इंचांवर टोकाला लाल पूड लागली तेव्हा मी ह्यांना हाक मारून दाखवली. पाचव्या भोकात मध्येच आवाज बदलला, बोट लगेच सोडलं. विटेतला खडा निघाला. लॉकच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली आहे, भावाला तशीच परत देणार. गट्टीआधी भोकात सिलिकॉन भरलं.

दांड्याला आधी मी लोंबकळले, मग हे. दोघांचं वजन झाल्यावर आईला नेलं. एका हाताने धरून ती उठली आणि नळाकडे तिचा हात गेलाच नाही.

पॅसेजमधला दांडाही सरकवून लावला. कॉलममधलं ते भोक मात्र तसंच आहे. पुट्टी भरू का?

---

डोंबिवलीकर

फार छान केलंत. नुसती पुट्टी नको, आत सळई उघडी पडलेली असेल आणि ओल गेली की गंजते. पूड फुंकून काढा, भोक ओलं करा आणि सिमेंटचा घट्ट मसाला काडीने ठासून तळापासून भरा. वरची पुट्टी दोन-तीन दिवसांनी.