बर्ड फ्लूची लस आहे, मग सगळीकडे टोचत का नाहीत?

प्रश्न:
लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडी रोगाची लस) पाण्यातून देतो, तासाभरात शेड उरकतं. बर्ड फ्लू आला की मात्र सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या! लस निघालीय म्हणतात, मग अडतं कुठे? माझे लेयर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या आहेत.

उत्तर १:
भाऊ, बारा वर्षं लस टोचणाऱ्या टोळीत होतो, म्हणून सांगतो. पाण्यातून जाते ती जिवंत लस. बर्ड फ्लूचा विषाणू जिवंत ठेवून लस करत नाहीत, तो जनुकं बदलून भलताच होऊन बसेल. म्हणून बहुतेक ठिकाणी तेलातली किल्ड, म्हणजे मारलेल्या विषाणूची लस. म्हणजे एकेक पक्षी धरायचा, अर्धा मिली टोचायचा, पुढचा. बाटली फ्रीजमधून काढून तशीच लावली की तेल घट्ट असतं, टोचायची बंदूक अडते, आणि पहाटेपर्यंत हात इतके दुखतात की शेवटच्या पिंजऱ्यांत निम्मा डोसच जातो. हे कुणी वहीत लिहीत नाही. सुई स्वतःच्या बोटात घुसली तर वेगळीच कथा; जोडीदाराचं बोट चिरून तेल काढावं लागलं होतं. शिवाय आमचीच टोळी एका फार्मवरून दुसऱ्यावर. बूट-कपडे बदलले नाहीत तर लशीबरोबर रोगही पोचवू.

ब्रॉयलरचं तर गणितच जमत नाही. पक्षी ३५-४० दिवसांत विक्रीला, सुरुवातीला आईकडून आलेल्या अँटिबॉडी लशीला आडव्या येतात. हॅचरीतच टोचायची, एचव्हीटी या कोंबड्यांना अपाय न करणाऱ्या टर्कीच्या विषाणूवर बांधलेली लस आहे, तिथे जरा आशा.

उत्तर २ (पशुवैद्यक):
हे हाताचं काम झालं. मोठी गोची पुढे आहे. लस घेतलेला पक्षी मरत नाही, पण त्याला लागण होऊ शकते आणि तो थोडा विषाणू बाहेर टाकतो. मरतूक हीच आपली घंटा, तीच वाजत नाही. मेक्सिकोत १९९५ पासून एच५एन२ या बर्ड फ्लूच्या प्रकाराची लस देतात. विषाणू बदलत गेला, लस मागे पडली. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना टोचायला सुरुवात केली, प्रादुर्भाव खूप उतरला, पण अमेरिकेने लगेच आयातीवर बंधनं घातली. निर्यात करणारे देश म्हणूनच कचरतात.

प्रश्नकर्ता:
लेयर वर्षाच्या वर राहतात. त्यांना तरी?

उत्तर १:
त्यांना जमतं. पुलेट (अंड्यावर न आलेली तलंग) असतानाच दोनदा टोचायचं, मग रक्त काढून टायटर, म्हणजे अँटिबॉडी किती ते बघायचं. आणि शेडमध्ये काही बिनलशीच्या कोंबड्या, पायात रंगीत कडी घालून. मर तिथे आधी दिसेल. पण सरकारी परवानगी नसताना चोरून आणलेली बाटली लावू नका. उद्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या तर त्या लशीच्या की रोगाच्या, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नाही.