भोपळ्याला कोमट पाणी: शास्त्र की थेरं?

मिनेसोटाकर
काल इथे एकाने लिहिलं, "अटलांटिक जायंटला (त्या राक्षसी भोपळ्याच्या जातीला) बोअरचं पाणी थेट सोडा, तापमान बघणं हे रिकामटेकड्यांचे चोचले." वाचून झोप उडाली, म्हणून सविस्तर लिहितो. आमच्याकडे अमेरिकेत, मिनेसोटात, बोअरचं पाणी ऐन जुलैतही 9-10 अंश आणि माती 22. मुळं गारठली की पाणी ओढणं मंदावतं. खाली चिखल आणि वर भरदुपारी पानांनी माना टाकलेल्या! नवखा समजतो तहान लागली, आणि आणखी गार पाणी ओततो. मी दोन हंगाम हेच केलं. तिसऱ्या वर्षी काळे ड्रम उन्हात ठेवून पाणी दिलं, तर दिवसाला 9 किलो वाढणारं फळ 14 वर गेलं.

गणिती_काका
बियाणं तेच होतं? खत? ऊन? एका वेलावर सिद्धान्त! हिशेब करा. 30 सेंमी माती 22 अंशांवर, त्यात 2 सेंमी पाणी 10 अंशांचं. सगळं मिसळलं तरी माती उतरते जेमतेम 1 अंश. त्यासाठी 500 लिटर पाणी 10 अंशांनी तापवायचं म्हणजे रोज जवळजवळ 6 युनिट वीज.

मिनेसोटाकर
ड्रम उन्हात म्हटलंय काका, गीझर नाही. पाणी ओढणारी पांढरी मुळी वरच्या 10 सेंमीत जास्त असते. वेल मातीत पुरला की पेरापेराला फुटते तीही उथळच. तेवढ्या थराचा हिशेब करा: 3 अंश!

खानदेशी_गडी
आमच्या विहिरीचं पाणी बारा महिने कोमटच. डांगर रग्गड येतं. कसले ड्रम न् काय.

पेठेतली_सुगरण
डांगर उडदाचं असतं. याला भोपळा म्हणतात.

खानदेशी_गडी
आलं पुणं! आमच्या आजीने जन्मभर डांगराची भाजी केली, ती काय चुकीची?

वऱ्हाडी
दोघंही चूक. ते कोहळं आहे.

पेठेतली_सुगरण
अहो, कोहळ्याचा पेठा करतात! निदान फळ तरी ओळखा. आणि या हजार किलोच्या धुडाचे घारगे करून बघा, नुसतं पाणी.

वऱ्हाडी
ताई, लग्नाच्या पंगतीत कोहळ्याची भाजी खाल्ली नाही कधी? लालच असते ती. प्रमाण मराठी म्हणजे तुमच्या गल्लीतली का?

खानदेशी_गडी
वऱ्हाडी भाऊंना अनुमोदन. फक्त ते डांगरच आहे.

विलायती_माळी
विळ्या-भोपळ्याचं सख्य पाहून झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ? 2023 मध्ये मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर यांनी 1,247 किलोच्या भोपळ्याचा जागतिक विक्रम केला, तो 2025 मध्ये आमच्या इंग्लंडातल्या हॅम्पशायरच्या पेटन बंधूंनी 1,278.8 किलोने मोडला. हरितगृहात पिकवतात ते. तिथे हवा-माती उबदार, पाण्याचं कौतुक कितीसं उरणार? माझं फळ फुटलं ते गार पाण्याने नाही. आठ दिवस गावाला गेलो, परत येऊन अपराधी वाटलं म्हणून रात्रभर पाणी सोडलं. सकाळी देठाजवळ हात जाईल एवढी भेग. भ्रमाचा भोपळा म्हणतात तो हाच. पाण्यात खंड नको, एवढं सांभाळा.

मिनेसोटाकर
हरितगृह परवडणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. मे महिन्यात दव गोठतं इथे.

गणिती_काका
वरच्या थराचा हिशेब केला. 3 येतात. मान्य, घ्या, हार घाला. पण ते 2 सेंमी पाणी एकदम ओतलं तर! तेच 500 लिटर रोज 90 चौरस मीटरवर दिलंत तर अर्धा सेंमी होतं, आणि 10 सेंमीच्या थरातही फरक 1 अंश. सकाळी द्या, दहापर्यंत ऊन भरून काढतं.

मिनेसोटाकर
म्हणजे तीन वर्षं मी एकदम पाणी द्यायचो हे माझं चुकलं, असं सुचवताय?

गणिती_काका
सुचवत नाही, सांगतोय.

मिनेसोटाकर
बरं. रोज देऊन बघतो. ड्रम मात्र काढणार नाही, पैसे मोजलेत.

पेठेतली_सुगरण
उडदाच्या डांगराची कृती कोणाला हवी असेल तर सांगा. खानदेशी सोडून.