सरावाहून परतलेल्या जवानांत मेलिऑइडोसिसचा संपर्क मोजायचाय: टायटर किती धरू?

मृणाल_सूक्ष्म
नमस्कार. मी सैनिकी वैद्यकीय पथकाबरोबर सूक्ष्मजीवशास्त्राचं काम करते. पावसाळी सरावाला निघणाऱ्या एका तुकडीचं रक्त आधीच घेऊन त्याचं सीरम (पेशी काढून उरलेला द्रव) उणे ८० अंशांवर ठेवलंय. ही मुलं तीन आठवडे चिखलात खंदक खणणार, ओढे ओलांडणार. परतल्यावर दुसरं रक्त घेईन. मेलिऑइडोसिस हा आजार करणारा मातीतला जंतू, बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलाय, कितीजणांच्या अंगात शिरला, हे कळायला हवंय.

यामागे एक जवान आहे. मागच्या सरावानंतर त्याला ताप आला, फुफ्फुसात सावली दिसली, टीबीची औषधं सुरू झाली. पुढे यकृतात गळू निघालं. त्याच्या पुवातला जंतू आधी साधा स्युडोमोनास समजून बाजूला पडला होता. तो वाचला. पण त्याच खंदकात खणणाऱ्या बाकीच्यांचं काय, याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण कुणाचंच आधीचं रक्त नव्हतं.

हिमॅग्लुटिनेशन चाचणी सीरममधली प्रतिपिंडं, म्हणजे शरीरानं जंतूविरुद्ध बनवलेली प्रथिनं, शोधते. सीरम किती पातळ केलं तरी ती दिसतात, तो आकडा म्हणजे टायटर. कुणी १:४० पॉझिटिव्ह धरतं, कुणी १:१६०. मी काय धरू?

बेंचवरचा_माणूस
मॅडम, आकड्याआधी प्लेटकडे बघा. मेंढीच्या लाल पेशींवर जंतूचं अँटिजेन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो अंश) चढवायचं, सीरम दुपटीनं पातळ करत जायचं. पेशी चादरीसारख्या पसरल्या तर पॉझिटिव्ह, तळाशी बटण जमलं तर निगेटिव्ह. हे अँटिजेन प्रत्येक प्रयोगशाळेत वेगळं बनतं, त्यामुळे दुसऱ्याचा १:४० तुमचा १:४० नसतो. त्यात मातीतलाच बर्कहोल्डेरिया थायलँडेन्सिस हा जवळचा, सहसा निरुपद्रवी जंतूही प्रतिपिंडं उठवतो.

म्हणून एका टायटरवर निकाल देऊ नका. आधीचं आणि नंतरचं सीरम एकाच दिवशी, एकाच प्लेटवर, एकाच हातानं लावा. १:२० चं १:४० झालं तर ती प्लेटवरच्या एकाच खळग्याची चूक असू शकते. चौपट वाढ झाली तरच मोजा. पहिले नमुने आत्ताच वितळवू नका.

निवृत्त_मेजर_डॉक्टर
दुसरं रक्त परतल्या दिवशी घेऊ नकोस, बेटा. आजार बहुधा १ ते २१ दिवसांत उठतो आणि प्रतिपिंडं चढायला वेळ लागतो. शेवटच्या चिखलानंतर किमान चार आठवडे थांब.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांत १९७३ पर्यंत ३४३ रुग्ण नोंदले गेले, ३६ दगावले. हेलिकॉप्टरवाल्यांत प्रमाण जास्त दिसलं. पंख्यानं उडालेली धूळ श्वासात गेली असावी, असा तेव्हाचा कयास. तेव्हा नुसतं चिखलात कोण उतरलं एवढंच लिहू नकोस. धूळ, वादळी पाऊस, पायाच्या जखमा, अनवाणी चालणं, सगळं प्रत्येकाकडून त्याच दिवशी लिहून घे. महिन्याभरानं कुणाला आठवत नाही. मधुमेह आहे का हेही विचार. तो असेल तर धोका कितीतरी वाढतो.

आकडेमोड_७
छावणीतल्या कार्यालयात राहिलेल्यांचंही जोडीचं रक्त घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? समजा शंभरात एकालाच खरा संपर्क झाला आणि चाचणी शंभरात पाचजणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. मग तुमचे बहुतेक पॉझिटिव्ह खोटेच. मूळच्या पॉझिटिव्ह जवानांना वेगळं मोजा. ईशान्य थायलंडमध्ये चार वर्षांवरच्या बहुतेक मुलांत ही प्रतिपिंडं सापडलीत. तशा भागात वाढलेल्या माणसाच्या एका टायटरवरून सरावाबद्दल काहीच कळत नाही.

मृणाल_सूक्ष्म
कार्यालयातल्या लोकांचा विचारच केला नव्हता. तुकडी परवा निघतेय, त्यांचं रक्त उद्या सकाळीच घेते.

मेजरसाहेब, एक विचारते. चौपट वाढ दिसली पण माणूस ठणठणीत असला, तर त्याला काय सांगू?

निवृत्त_मेजर_डॉक्टर
खरं तेच सांग. संपर्क झालाय, आजार नाही, नुसत्या टायटरवर औषध द्यायचं नाही. त्याच्या वैद्यकीय कार्डावर ठळक लिही, कारण हा जंतू कधीकधी कित्येक वर्षं दडून राहतो. आणि ताप किंवा गळू झालं तर टायटरची वाट बघू नकोस. रक्त, लघवी, घशाचा स्वॅब, पू, सगळं कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) पाठव आणि कशाचा संशय आहे ते फॉर्मवर लिही. एकदा निगेटिव्ह आलं तरी पुन्हा पाठव. कल्चरमध्येही बरेच रुग्ण निसटतात.